हात पाहणाऱ्या अक्का

अक्का टीव्हीचा आवाज बंद करून मालिका पाहत. संध्याकाळी साडेसातला त्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायच्या, रिमोट घ्यायच्या आणि सगळ्यात आधी आवाज घालवायच्या. मग दोन-अडीच तास धुळ्यातल्या आमच्या घरात पडद्यावर माणसं रडत, ओरडत, कट रचत, एकमेकांच्या थोबाडीत मारत, आणि त्यातलं काहीच ऐकू येत नसे. ऐकू यायच्या त्या फक्त अक्का. "तोंड रंगाडता येस, हात रंगाडता येत नही," असं त्या आपल्या साक्रीकडच्या बोलीत म्हणत. त्यामुळे त्या नटीच्या तोंडाकडे पाहतच नसत. तिचे हात पाहत.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर साक्रीचं बिऱ्हाड मोडून त्या आमच्याकडे राहायला आल्या. तिकडे त्यांना ओळखत ते मांड्यांमुळे, खापरावरच्या पुरणपोळ्यांमुळे. साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत कुणाकडे लग्न निघालं की आधी त्यांना निरोप जायचा, मग भटजीला. पुरण भरलेली पोळी पोळपाटावर थोडी लाटायची, मग दोन्ही हातांवर उचलून फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि जळत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद पसरायची. चाळीस वर्षं हे केल्यामुळे त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, लहान-मोठे, जुने-नवे, एकावर एक. प्रत्येक डागाचं लग्न त्यांना पाठ होतं. हा कासाऱ्याचा, पाऊस आला म्हणून घाई झाली तेव्हाचा. हा पिंपळनेरचा, नवरी पळून गेली आणि तरी पंगत बसली तेव्हाचा.

असे हात असलेल्या बाईपुढे आपल्याकडच्या मालिका टिकणं शक्यच नव्हतं. एक नायिका सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कणकेचा एकच गोळा मळत होती, कारण मळता मळता तिला सासूचा डाव कळायचा होता. अक्का रोज तो गोळा पाहत आणि शुक्रवारी म्हणाल्या, "आंबनं असीन आते." दुसरी नायिका मोरीत नळ सोडून रडत उभी होती. आमच्या गल्लीत नळाला आठवड्याने पाणी येतं. अक्कांनी ते दृश्य चप्पल मारायच्या तयारीने पाहिलं. नायिकेच्या दुःखाचं कारण त्यांनी विचारलं नाही. नळ बंद होतो की नाही एवढंच पाहिलं. तो झाला नाही. त्या दिवसापासून ती नटी दिसली की अक्का चॅनल बदलत.

दुष्ट सासूचा तर त्यांना मनापासून राग. ती दुष्ट आहे म्हणून नव्हे, ती रिकामी आहे म्हणून. सकाळपासून भरजरी साडी नेसून ती जिन्यात उभी राहते, सुनेच्या दुधात काहीतरी कालवते, डोळे बारीक करते. "हिले पापड नही करना पडत का? कुरडाया नही? इतला येळ कथाइन लयनी हाई?" असं विचारून अक्का माझ्याकडे पाहत, जणू मीच तिला तो वेळ दिला. शेजारच्या बायका कधी चेष्टेने म्हणायच्या, अक्का, तुम्ही सुनेला छळत नाही का? अक्का म्हणायच्या, उन्हाळ्याची कामं संपली की बघू.

मी शाळेत मराठी शिकवते. मलाही या मालिका सहन होत नाहीत, पण माझं न सहन होणं पुस्तकी होतं. पात्रं जाहिरातीसारखी बोलतात, खेड्यातला माणूस दाखवायचा तर त्याच्या तोंडी कुठल्याच खेड्यात नसलेली भाषा घालतात, असं माझं चाललेलं असायचं. अक्का ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मास्तरीण, तू आवाज ऐकस, म्हनीसन फसस." लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं आम्ही दोघी जपून बोलत होतो. सासू-सून म्हणून आमच्यात भांडण नव्हतं, तसं फार प्रेमही नव्हतं. आमचं जमलं ते या तिरस्कारावर. रोज संध्याकाळी एकाच गोष्टीला नावं ठेवणाऱ्या दोन बायका फार काळ परक्या राहू शकत नाहीत.

सिनेमाच्या बाबतीतही त्यांचा हिशोब तोच. एकदा माझ्या नवऱ्याने आम्हाला मोठ्या पडद्यावर लढाईचा चित्रपट दाखवायला नेलं. तलवारी, धूर, हजारो घोडे. मध्यंतरात आजूबाजूचे लोक भारावलेले होते. एक गृहस्थ डोळे पुसत होते. अक्कांनी त्यांच्याकडे वळून शांतपणे विचारलं, "इतली फौज शे, हिले रांधस कोन?" गृहस्थांनी रुमाल खिशात ठेवला. उरलेला अर्धा चित्रपट अक्का तंबूंच्या मागे चुलीचा धूर दिसतो का ते शोधत होत्या. घरी येताना म्हणाल्या, हे उपाशी लढतात, म्हणून मरतात.

गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक रडायला लागले की त्या उठून भांडी आवरायला जात. गुन्हेगारीच्या मालिकांत प्रेताशेजारी उभं राहून चहा पिणारा पोलीस त्यांना आवडे, कारण तो कप खरोखर गरम असल्यासारखा धरी. आणि एकच प्रकार त्या शेवटपर्यंत पाहत, तो म्हणजे दक्षिणेकडचे भाषांतरित मारामारीचे सिनेमे. नायक एका हाताने ट्रॅक्टर उलटवी. मी अवाक होऊन विचारलं, हे कसं चालतं तुम्हाला? म्हणाल्या, "हाऊ खोटं बोलस, पन घाम गायीसन बोलस." घाम गाळून बोललेलं खोटं त्यांना चालत असे. मी चित्रपटांवरची किती परीक्षणं वाचली आहेत, पण घाम गाळलेल्या आणि न गाळलेल्या खोट्यातला फरक कुणी इतका सरळ सांगितलेला मला आठवत नाही.

गेल्या सहा-सात वर्षांत त्यांना लग्नाचे निरोप यायचे बंद झाले. केटरर मंडळी आली. मांडे अजून असतात पंगतीत, पण गॅसवर, लोखंडी कढई पालथी घालून केलेले, रबरासारखे. अक्का असल्या पंगतीत मांडा बोटाने उचलून उजेडात धरत आणि परत ताटात ठेवत. तक्रार करत नसत. घरी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्या करायच्या तेवढेच. खांदा दुखायचा, पण कणीक हातावर घेतली की दुखणं कुठे जायचं कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षाच्या सुमारास, एक मुलगी पत्ता शोधत घरी आली. मोबाइलवर बघायच्या एका मालिकेचं चित्रीकरण पिंपळनेरच्या पुढे एका गावात चाललं होतं. त्यात लग्न होतं, मांडे होते, आणि ते करणारी नायिका होती. नायिकेला मांडे येत नव्हते. कुणीतरी अक्कांचं नाव सांगितलं होतं. "तुमचे फक्त हात दिसतील, आजी. चेहरा मॅडमचा राहील," असं ती मुलगी फार आनंदाची बातमी दिल्यासारखं म्हणाली.

अक्कांनी तिला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. मुलगी गेल्यावर मीच त्यांच्या मागे लागले. मी पुस्तकी बोलले. ही कला टिकली पाहिजे, उद्या कुणाला कळणार नाही, असं बरंच.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिका लागली. पडद्यावर एक बाई पुरणपोळी लाटत होती, लाटणं उलटं धरून. अक्कांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, एकदा तरी खरा मांडा दिसू दे या डब्यात. येते म्हणून कळव त्या पोरीला. त्यांना स्वतः दिसायचं नव्हतं. मांडा दिसायला हवा होता.

पुढचे तीन दिवस आमचं घर लग्नघर झालं होतं. गहू भिजवले, कापडावर सावलीत वाळवले, दळून आणले, वस्त्रगाळ केले. हरभऱ्याची डाळ इतकी घेतली की मी विचारलं, अक्का, इतकं कशाला? म्हणाल्या, पंगत साठ माणसांची आहे असं ती पोरगी म्हणाली ना. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की ती पंगत दाखवायची आहे, जेवायची नाही. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्यांचा इतका उत्साह मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि मी गप्प बसले. साक्रीहून शेवंताबाईंना सोबत घेतलं. चाळीस वर्षं अक्कांच्या खापराखालचा जाळ त्याच सांभाळत आल्या होत्या. दोघी गाडीत मांडीवर एकेक खापर घेऊन बसल्या होत्या.

तिथला मांडव सुरेख होता आणि सगळा खोटा होता. आंब्याची पानं कागदाची, केळीचे खांब प्लॅस्टिकचे. आजूबाजूच्या पाड्यांवरची साठ माणसं सकाळपासून नवे कपडे घालून पंगतीत बसवलेली होती, आणि त्यांच्यापुढच्या पत्रावळींवर कालच्या पोळ्या चमकाव्यात म्हणून तेल लावून ठेवलेल्या होत्या. पोळ्यांना हात लावू नका असं भोंग्यावरून सांगत होते. अक्कांनी ते पाहिलं. त्या चूल मांडायला लागल्या.

त्यांची अट एकच होती, नायिकेने निदान एक मांडा स्वतः करायचा. नायिका झालेली मुलगी चांगली होती. शहरातली, हात मेणासारखे, पण शिकायला बसली. पहिले दोन तिच्या हातावरच फाटले. तिसरा खापरापर्यंत पोचला आणि तो पसरताना तिचं मनगट खापराच्या कडेला लागलं. ती किंचाळली, चार माणसं धावली. अक्कांनी त्यांना हातानेच दूर केलं, कणकेचा थंड गोळा तिच्या मनगटावर दाबून धरला आणि म्हणाल्या, "आते हाऊ हात कामना व्हयना." हा हात आता कामाचा झाला, हे शब्द मुलीला कळले की नाही माहीत नाही. ती रडता रडता हसली. तिचा मांडा वेडावाकडा होता, एका बाजूने जळलेला. अक्कांनी तो घडी घालून बाजूला जपून ठेवला.

मग अक्कांच्या हातांची वेळ आली. कॅमेरा जवळ आणला आणि दिग्दर्शक, एक टोपीवाला तरुण, त्यांच्या हातांकडे बघून थांबला. रंगभूषेच्या मुलीला बोलावलं. ती ट्यूब घेऊन आली. मॅडमचे हात गोरे आहेत, हे डाग झाकावे लागतील, असं तिने मला सांगितलं, कारण अक्कांना सांगायचं तिला धाडस नव्हतं. मी अक्कांकडे पाहू शकले नाही. हात रंगवता येत नाहीत, या एका वाक्यावर त्यांनी आयुष्यभर सगळ्या जगाला नापास केलं होतं. मला वाटलं, आता त्या उठतील.

त्या उठल्या नाहीत. दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "रंगाड." मुलीने रंगवले. मनगटापासून कोपरापर्यंत एकसारखे, गुळगुळीत, कुणाचेच नसलेले हात. अक्कांनी कणीक उचलली आणि मांडा हातांवर फिरवायला सुरुवात केली. दोन फेऱ्यांत तो सगळा रंग मांड्याला लागला. खापरावर पडला तेव्हा तो गुलाबी, चट्ट्याचट्ट्यांचा, आजारी माणसाच्या कातडीसारखा दिसत होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून दिग्दर्शकापुढे धरला.

अक्का रागावल्या की शुद्ध बोलत. "हा कोण खाईल?" त्यांनी विचारलं.

"आजी, हे कुणी खाणारच नाहीये," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला. "फक्त दिसायला हवंय."

"खाणार नाही, तर मी करू कोणासाठी?"

 आमच्या इथल्या कुणालाही या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं नसतं. खापरावर पडलेला मांडा कुणाच्या तरी ताटात जातो, नाहीतर तो खापरावर पडत नाही. अक्कांनी बादलीत हात बुडवून कोपरापर्यंत स्वच्छ धुतले, पदराला पुसले आणि भोंग्यावरच्या माणसाला विचारलं, ही माणसं कधीची बसली आहेत? सकाळपासून, तो म्हणाला. जेवलीत? त्याने भोंगा खाली ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तरीण, त्या तेलकट पत्रावळी उचल. नव्या मांड."

मी पत्रावळी उचलल्या. शेवंताबाईंनी जाळ वाढवला. पुढचा तास-दीड तास अक्कांच्या हातांवरून मांडे निघत राहिले, पातळ, झिरझिरीत, उजेड पलीकडून दिसावा असे, आणि साठ माणसं दूध-तुपात कुस्करून जेवली. नायिका वाढत होती, मनगटावरची कणीक केव्हाच गळून पडली होती. दिग्दर्शक आधी चिडला होता, मग त्याने कॅमेरा चालू ठेवायला सांगितला. शेवटी तो अक्कांजवळ उकिडवा बसून म्हणाला, "आजी, डाग तसेच ठेवू. शब्द." त्याने स्वतः तीन मांडे खाल्ले. खाल्लेल्या माणसाच्या शब्दावर अक्कांनी विश्वास ठेवला. त्यांची तीच एक चूक.

त्यानंतर वर्षभर त्या विचारत होत्या, आलं का? अशा गोष्टींना वेळ लागतो, मी सांगायची. त्या टीव्हीपुढे बसायच्या, आवाज बंद करायच्या, इतरांच्या हातांना नावं ठेवायच्या, पण त्या नावं ठेवण्यात आता वाट पाहणं मिसळलेलं होतं. माघात त्यांना ताप आला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मला म्हणाल्या, "ते उनं म्हंजे देखजो. डाग दिसनात ते माले हाक मार. नही दिसनात ते बंद करी दे." डाग दिसले तर हाक, नाही दिसले तर टीव्ही बंद, एवढंच त्यांचं मागणं. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

दशक्रियेला पुष्कळ माणसं आली. माझ्याही नकळत मी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि हात पाहू लागले. मोठ्याने रडणाऱ्या नात्यातल्या एक बाई एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर अक्कांचा फोटो शोधत होत्या. एका गृहस्थांनी माझं सांत्वन केलं, त्या वेळी त्यांचा हात खिशातल्या किल्ल्या मोजत होता. शेवंताबाई आल्या, सरळ मागे जाऊन पातेली घासायला बसल्या. अक्कांनी मला हा एक आजार देऊन ठेवला आहे. शाळेतल्या समारंभात, नातेवाइकांत, आता मला माणसांची तोंडं फारशी दिसत नाहीत.

आखाजीच्या आठवड्यात माझ्या मुलीने पुण्याहून फोन करून सांगितलं, ती मालिका आली आहे. मी संध्याकाळी साडेसातला जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसले. मोबाइल टीव्हीला जोडून तिने सांगितलेला भाग लावला आणि आवाज बंद केला. कागदी पानांचा मांडव आला. चूल आली. खापर आलं. आणि मग हात आले. अक्कांचेच होते, मांडा फिरवण्याची ती लय दुसऱ्या कुणाची असणं शक्य नाही. पण त्यांच्यावर एकही डाग नव्हता. ट्यूबने झाकता आलं नाही ते नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकलं होतं. चाळीस वर्षांची लग्नं, पाऊस, पळून गेलेली नवरी, सगळं साफ. चार-पाच सेकंद ते गुळगुळीत हात दिसले आणि त्यावर नायिकेचा चेहरा जोडला गेला.

मी रिमोट उचलला. बंद कर असं त्यांनी सांगितलंच होतं. तेवढ्यात पंगत आली. साठ माणसं जेवत होती, आणि ती खरंच जेवत होती. एक म्हातारा मांड्याची घडी उलगडून बोटांनी तूप निपटत होता. भुकेल्या माणसाशिवाय कुणाला तसं निपटता येत नाही. त्याच्या ताटात वाढायला नायिका वाकली. पदर सरकला, मनगट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलं. त्यावर लालसर, ओला, बोटभर लांब डाग होता. म्हातारीचे डाग पुसण्याच्या नादात या डागाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मी रिमोट खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अक्का, या लवकर."

माझा नवरा दारात येऊन उभा राहिला.  पडद्याकडे न बघता तो आधी माझ्याकडे पाहत होता, मग माझ्याशेजारी जमिनीवर बसला. आवाज त्यानेही सुरू केला नाही.